अँटिक पीस

विमा कंपनीच्या कचेरीत, जेवणाच्या सुट्टीत सूनबाईनं डबा उघडला आणि त्याबरोबर तोंडही उघडलं. सगळ्या उत्पाताचं मूळ तेच.

"काल लग्नाची पत्रिका आली," ती मैत्रिणीला सांगत होती, "तर मामंजींनी लाल पेनानं तिच्यात अकरा चुका काढल्या आणि पत्रिका मुलाच्या बापाला परत पाठवली! वर शेरा, 'दुरुस्त करून पुन्हा पाठवणे.' आमच्या घरी ना, एक अँटिक पीस आहे बघ!"

मामंजी म्हणजे तिचे सासरे. छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासून निवृत्त झालेले. नोकरी सुटली, चुका काढणं सुटलं नव्हतं.

नेमके तेव्हाच मागून मोठे साहेब चालले होते. साहेबांना जुन्या वस्तू जमवण्याचं वेड. सगळ्या बोलण्यातलं शेपूट तेवढं त्यांच्या कानावर पडलं.

"अँटिक पीस? आणि इतकी वर्षं बोलला नाहीत, बाई! चांगल्या स्थितीत आहे ना?"

"हो... म्हणजे गुडघे सोडले तर," घाबरून ती बोलून गेली.

"गुडघे?"

"पाय हो, पाय! जरा डुगडुगतात."

"म्हणजे फर्निचर! रविवारी येतो."

तिच्या बढतीचा कागद साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडलेला. त्यांना नाही कोण म्हणणार? नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं, पोट धरून हसला आणि "तूच निस्तर आता" म्हणून मोकळा झाला.

शनिवारभर शोधून डुगडुगणारी एकच वस्तू मिळाली. गच्चीत कुंडीखाली ठेवलेली लाकडी तिवई. सूनबाईनं ती घासली, तेल लावून चमकवली आणि दिवाणखान्यात मधोमध मांडली.

"मामंजी, उद्या साहेब येतील. तुम्ही फक्त काही बोलू नका."

"मी कशाला बोलतोय?" मामंजी म्हणाले.

रविवारी साहेब आले. तिवईपुढे उकिडवे बसले, तिच्यावरून हात फिरवला. "वा! काय कसब! दोनशे वर्षं तरी सहज झाली असतील."

मामंजींनी ओठ घट्ट मिटले होते. पण दोनशे ऐकल्यावर त्यांना राहवेना.

"चूक," ते म्हणाले. "ही मी नाक्यावरच्या सुताराकडून करून घेतली. एक पाय आखूड केला म्हणून आमचं भांडणही झालं होतं."

सूनबाईला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

साहेबांचे कान लाल झाले. "आजोबा, वीस वर्षं मी वस्तू जमवतोय. हे बघा!" त्यांनी बॅगेतून आपल्या संग्रहाची जाडजूड वही काढली. प्रत्येक वस्तूचा फोटो, खाली माहिती.

मामंजींनी चष्मा लावला आणि खिशातून लाल पेन काढलं.

सूनबाई जी स्वयंपाकघरात शिरली ती दोन तास तिथंच. तीनदा चहा झाला. बाहेरून आवाज येत होते. "दिव्याचा दि ऱ्हस्व!" "पण आजोबा..." "पण नाही! आणि हा अडकित्ता कसला? ही सुताराची पक्कड आहे!" बढतीला तिनं मनातल्या मनात निरोप दिला.

शेवटी साहेब उठले. चेहरा उजळलेला. "बाई, चौतीस चुका निघाल्या! वीस वर्षांत मला कुणी एक दाखवली नव्हती. सगळे नुसते 'वा वा, साहेब' म्हणतात. आता दर रविवारी येणार मी." मग त्यांना आठवलं. "पण तुमचा तो अँटिक पीस राहिलाच की! गुडघे सोडले तर चांगला आहे म्हणाला होतात..."

त्याच वेळी त्यांना पोचवायला मामंजी दोन्ही गुडघे धरून, "आई गं" करत खुर्चीतून उठत होते.

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, सूनबाईकडे पाहिलं, आणि तोंडावर रुमाल धरून जिना उतरले. दोन मजले खालपर्यंत त्यांचं हसू ऐकू येत होतं.

मामंजी पुन्हा खुर्चीत बसले. "मला म्हणालीस तू, अँटिक?"

सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "चुकलं माझं, मामंजी."

"चुकलंच," मामंजी गंभीरपणे म्हणाले. "शंभर वर्षं भरल्याशिवाय तो शब्द लावत नाहीत. मी एकोणऐंशीचा. अजून एकवीस वर्षं थांबावं लागेल तुला."

सूनबाईनं पदरानं डोळे पुसले. "थांबते की! तुम्ही तेवढं साखरेचं पथ्य सांभाळा."

मामंजींनी उचललेलं चौथं बिस्कीट मुकाट्यानं बशीत परत ठेवलं.