देवाकडं पाठ

आदेशच्या 'खडखडाट' बँडमध्ये पोरं चार, आणि पुण्याहून आलेल्या लिमये सरांच्या वाद्यवृंदात माणसं चाळीस. एकाचं व्हायोलिन तर माणसापेक्षा उंच. बसमधून उतरवता उतरवता दोघांचा घाम निघाला. निमगाव सावाच्या जत्रेत दोन्ही ताफ्यांनी मिळून वाजवायचं होतं. जमलं तर दिवाळीत पुण्याच्या मोठ्या हॉलमध्ये, असं सर म्हणाले होते. नाही जमलं तर गिटार माळ्यावर, असं आदेशचे वडील सावळाराम म्हणाले होते.

दुपारी चारला सरांनी बारीक छडी उचलली, वीस व्हायोलिनं एकदम बोलू लागली, आदेशच्या अंगावर काटा आला, आणि जत्रा कमिटीचे अध्यक्ष गेणभाऊ धोतर सावरत थेट स्टेजवर चढले.

"थांबा, पावणं! तुमी देवाकडं पाठ करून उभं ऱ्हायलाय."

होतं खरं तसं. जत्रेचं स्टेज भैरवनाथाच्या देवळासमोर, देवाला नीट दिसेल असं. तिथं नाचणारा, गाणारा, अगदी भाषण ठोकणारा पुढारीसुद्धा देवाकडेच तोंड करतो. हे सरच तेवढे उलटे.

"अहो, मला वादक दिसले पाहिजेत," सर म्हणाले.

"दिसतील की! मान वळवायची," म्हणत गेणभाऊंनी त्यांना खांद्याला धरून प्रेमानं फिरवलं.

सर बिचारे भले. त्यांनी छडी डोक्यावरून मागे हलवून पाहिली. व्हायोलिनं एका वाटेला लागली, बासऱ्या दुसऱ्या, आणि आदेशचा ड्रमवाला जानकू कुणासाठीच न थांबता गाणं संपवून पाणी प्यायला बसला.

मग तोड निघाली. सर स्टेजच्या मागच्या टोकाला, आणि वादक त्यांच्याकडे तोंड करून पुढे. खुर्च्या हलवण्यात अर्धा तास गेला.

"अरे देवा, आता चाळीस पाठी झाल्या!" गेणभाऊ कळवळले. "एक व्हती तीच बरी व्हती, राव."

"मग घ्या की ती चालवून!" आदेश रडकुंडीला आला.

"आता न्हाई. आता समद्यांनी बघितलंय."

सरांनी छडी डबीत घातली. ड्रायव्हरनं बस चालू केली. सावळाराम पुढे झाले आणि गिटारसाठी हात पसरून उभे राहिले. आदेशला वाटलं, आता धरणीनं पोटात घ्यावं.

तेवढ्यात त्याची आई ठमाबाई नैवेद्याचं ताट घेऊन देवळाच्या पायरीवर थांबली.

"गेणभाऊ, निवद दाखवताना पुजारी पडदा लावत्यात ना?"

"लावत्यात. देव जेवाया बसत्यात."

"मग जेवताना देव कुनाच्या पाठी मोजत बसत्यात व्हय?"

गेणभाऊंनी कान खाजवला. टोपी काढली, परत घातली.

"धर्माजी!" त्यांनी पुजाऱ्याला हाक मारली. "ताट घे. पडदा लाव."

पडदा लागला. खुर्च्या परत जागेवर आल्या, सर परत उलटे झाले, आणि मग जे वाजलं, काय सांगावं! गिटार व्हायोलिनांच्या अंगावर धावून जात होती, व्हायोलिनं तिला कडेवर घेत होती. सावळारामांचा पसरलेला हात कधी ताल धरायला लागला, त्यांचं त्यांना कळलं नाही. शेवटचा ठोका पडला, टाळ्या उसळल्या, आणि सर आदेशच्या कानात म्हणाले, "दिवाळीला या." आदेशचा जीव भांड्यात पडला.

"वन्समोर!" गाव ओरडलं.

तिकडे धर्माजीनं पडदा उघडायला हात घातला. ते पाहून पहिल्या रांगेतले गेणभाऊ ताडकन उठले.

"धर्माजी, हात लावू नको! देवाला आजून दोन पोळ्या वाढ!"