पार्कबाहेरचा कोंबडा

नाशिकमध्ये राहणाऱ्या माणसानं नाशिकपासून तासाभराच्या अंतरावर तीन दिवस सुट्टीला जाऊन राहावं का, हा प्रश्न मला पडला नव्हता. तो माझ्या सासूबाईंना पडला. "एवढ्यासाठी खोली कशाला घ्यायची? झोपायला घरी यायचं," असं त्या फोनवर म्हणाल्या. पण त्र्यंबकच्या बाजूला नव्यानं झालेल्या 'आनंदलोक' पार्कचं पॅकेज मी ऑफिसात डबा खाता खाता बुक करून बसलो होतो आणि ते रद्द होत नव्हतं. (हे बुक केल्यावर वाचलं.)

पहिला दिवस पार्क, तिसरा दिवस पार्क आणि मधला दिवस 'फ्री डे, पार्कबाहेरील कौटुंबिक आनंदासाठी' असं ते पॅकेज होतं. घोळ झाला तो या मधल्या दिवशी.

आमचं कुटुंब तिघांचं. मी योगेश निरगुडे, जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागात वरिष्ठ सहाय्यक. जनावरांशी माझा संबंध फक्त कागदावर येतो. समोरून गाय आली तर मी रस्ता ओलांडतो. बायको संध्या, आणि नऊ वर्षांची मुलगी आरोही.

आरोही पार्कला चालली होती ती एकाच गोष्टीसाठी. तिथं 'गगनझेप' नावाचा एक प्रकार आहे. माणसांना खुर्चीत बांधून उंच नेतात आणि वरून सोडून देतात. (पैसे आधी घेतात.) त्याला एकशे वीस सेंटिमीटर उंची लागते. गेल्या वर्षी शाळेच्या सहलीत आरोही दोन बोटं कमी पडली आणि सगळा वर्ग वर गेला तेव्हा ती खाली सगळ्यांच्या बॅगा धरून उभी राहिली. तेव्हापासून तिनं कुरकुर न करता दूध प्यायलं, दाराच्या चौकटीला लोंबकळली आणि एकशे बावीस झाली. बारा वर्षांच्या आतल्या मुलांसोबत मोठ्या माणसाला बसावं लागतं. संध्याला घरच्या झोपाळ्यावर चक्कर येते, म्हणजे तो मोठा माणूस मी.

पहिल्या दिवशी आरोही गेटमधून थेट तिकडे पळाली. मी म्हटलं, "आधी जेवून घेऊ, कूपन दोनपर्यंतच आहे." जेवून आलो तोवर वारं सुटलं आणि गगनझेप बंद झाली. आरोहीनं घट्ट बांधलेले केस सोडून टाकले. ती रडली असती तर बरं झालं असतं.

"परवा सगळ्यात आधी तेच. आईची शपथ," मी म्हटलं.

"कुणाच्या आईची?" संध्यानं विचारलं.

फ्री डेला संध्याचा बेत होता दिवसभर लोळायचा. आरोहीला पोहायचं होतं. पण मी ठरवलं की हरसूलचा आठवडे बाजार बघायचा. मुलीला खरं जग दिसलं पाहिजे, असं काहीतरी मी बोललो. बाजारात पोचून पाच मिनिटं झाली नसतील, तोच मागून हाक आली.

"सायेब! ओ सायेब!"

मी वळलो नाही. मला साहेब म्हणणारं जगात कुणी नाही. पण तो माणूस पळत येऊन पुढ्यात उभा राहिला. चाळिशीचा, काटक, डोक्याला टॉवेल.

"वळखलं का? मी चंदर. गेल्या साली आमच्या पाड्यावर कॅम्पला आले होते तुमी. कोंबड्यांना सुया दिल्या."

कॅम्पला मी गेलो होतो हे खरं. डॉक्टर सुया देत होते, मी रजिस्टर लिहीत होतो. पण बायको आणि मुलगी शेजारी उभ्या असताना एवढ्या बारकाव्यात कोण शिरतं? "हो तर! कसं चाललंय?" मी विचारलं.

"येक कोंबडी नाय मेली त्या साली. तुमच्यामुळं."

"ते आमचं कर्तव्यच आहे."

आरोही माझ्याकडे बघत होती. काल दुपारपासून पहिल्यांदाच बघत होती. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! तेवढ्यात चंदर गेला आणि पाय सुतळीनं बांधलेला एक तांबडा कोंबडा घेऊन आला. तो त्यानं माझ्या हातात दिला.

"हा घेऊन जा सायेब. आता तुमच्या हाती. पोरांचा लय जीव हाय याच्यावर."

"अहो, कशाला, कशाला!"

"नाय म्हनू नका. दुसरं कोन हाय आमाला?"

मी कोंबडा छातीशी धरला. पंचवीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी साधी पेढ्याची पुडी दिलेली नाही. चंदरनं आम्ही कुठं उतरलोय ते विचारलं, मी पार्कशेजारच्या रिसॉर्टचं नाव आणि खोलीचा नंबरही सांगितला. "उद्या येतो तिकडं," म्हणून तो गेला.

"ही लाच नाही ना?" संध्यानं विचारलं.

"लाच काम होण्याआधी देतात. नंतर देतात ती कृतज्ञता."

"आणि करायचं काय याचं? मार्गशीर्ष चालू आहे."

"त्याला कुणी कापायचं नाही!" आरोही ओरडली आणि तो विषय संपला.

रिसॉर्टच्या काउंटरवरच्या मुलीनं कोंबड्याकडे बघून गोड हसत सांगितलं, "सर, बाहेरचे खाद्यपदार्थ अलाऊड नाहीत."

"हा खाद्यपदार्थ नाही. पाहुणा आहे."

"मग एक्स्ट्रा पर्सनचा चार्ज लागेल."

(लागला.)

कोंबड्याला आम्ही बाथरूममध्ये ठेवलं. तो एका कोपऱ्यात मान टाकून बसून राहिला. आरवणं नाही, फडफड नाही, दाण्याला तोंड नाही.

"किती समजूतदार आहे बघ," मी म्हटलं, "सरकारी माणसाकडे आलोय याची त्याला जाणीव आहे."

संध्यानं वाकून त्याच्या गळ्याखाली हात लावून बघितलं. "समजूतदार कुठला! गळ्याखाली दगडासारखं लागतंय. खाल्लेलं अडकलंय. तुमचं प्रत्येक लग्नानंतर होतं तसं." तिनं पर्समधला ओवा काढला, खोलीतल्या किटलीत पाणी उकळलं आणि कोमट करून चमच्या-चमच्यानं त्याला पाजलं. मग गळ्याखाली हळूहळू चोळत बसली. माझ्यासाठी ती एवढं करत नाही, मला डबीच हातात देते.

पहाटे पाच वाजता कोंबडा आरवला. बाथरूमच्या फरशा त्याला फारच मानवल्या असाव्यात, कारण एका आरवण्याचे चार ऐकू येत होते. शेजारच्या खोलीतून भिंतीवर थापा पडल्या. खालून फोन आला, "सर, प्लीज तुमचा अलार्म बंद करा."

"बटण सापडत नाहीये," मी म्हटलं.

आरोहीनं त्याला नाश्त्याचे कॉर्नफ्लेक्स खायला घातले. त्यानं दोन वाट्या संपवल्या. मला आपला अभिमान वाटत होता की कृतज्ञतासुद्धा कशी तरतरीत आहे.

तिसऱ्या दिवशी पार्कमध्ये अकरापर्यंतच आत सोडत होते. खोली सोडून आम्ही साडेदहाला गेटवर हजर झालो. बेत सरळ होता. संध्या कोंबड्याला घेऊन बाहेर चहाच्या टपरीजवळ झाडाखाली बसणार, मी आणि आरोही आत जाणार. आरोहीनं केस घट्ट बांधले होते, बूट दोनदा बांधले होते. आम्ही रांगेत उभं राहणार एवढ्यात हाक आली.

"सायेब!"

रिसॉर्टवर विचारून आलेला चंदर होता. सोबत चारपाच बायामाणसं, आणि प्रत्येकाकडे झाकलेली टोपली.

"बरा झाला का?" चंदरनं विचारलं.

"कोण?"

"कोंबडा! दोन दिस दाण्याला शिवला नव्हता." मग त्याला संध्याच्या मांडीवरचा कोंबडा दिसला आणि तो आनंदानं ओरडलाच. "आरं, मान उचलली की! पोरं लय खूश व्हतील. बरं, या आमच्या पाड्यावरच्या कोंबड्या. यांचं बी बघा जरा."

काल दुपारपासून मी जे बक्षीस म्हणून छातीशी धरून हिंडत होतो, तो पेशंट होता. मी संध्याकडे बघितलं नाही. ती माझ्याकडे बघतेय हे मला न बघताही कळत होतं.

तिथंच मी खरं सांगून टाकायला हवं होतं. पण पाच माणसं 'सायेब, सायेब' करत होती आणि आरोही ऐकत होती. मी पहिल्या टोपलीतली कोंबडी बाहेर काढायला लावली. (स्वतः हात लावला नाही.) तिच्या डोळ्यांत गंभीरपणे बघितलं. "हं," मी म्हटलं, "खोकला आहे?"

"कोंबडीला?" टोपलीवाल्या म्हातारीनं विचारलं.

"बाबा, पावणेअकरा," आरोही म्हणाली.

"दोन मिनिटं, बेटा."

दुसऱ्या कोंबडीला मी फिरवून आणायला सांगितलं, चाल बघायची म्हणून. तिसरीचं वय विचारलं. चौथी काळी होती, ती माझ्याकडे अशी बघत होती की तिला सगळं कळलेलं आहे. गेटवरच्या लखन नावाच्या वॉचमननं पुकारा केला, "दहा मिनिटं राहिली! पासवाले आत चला!"

आरोही माझी बाही ओढत होती. मग तिनं बाही सोडली. ती शांतपणे भिंतीपलीकडच्या गगनझेपेकडे बघत उभी राहिली आणि तिनं माझी बॅग उचलून स्वतःच्या हातात धरली. गेल्या वर्षी वर्गाच्या बॅगा धरल्या होत्या ना, तशी. लाज वाटली हो, खरंच लाज वाटली.

"चंदरभाऊ," मी म्हटलं, "मी डॉक्टर नाही. मला यातलं काहीही कळत नाही. मी कॅम्पमध्ये फक्त रजिस्टर लिहीत होतो."

मला वाटलं, आता हे चिडणार.

"ठाव हाय की," चंदर म्हणाला. "डाक्टर ते ठेंगणे, चष्म्यावाले. तुमी बर्फाचा डबा उचलत होते. शिपाई ना तुमी?"

"वरिष्ठ सहाय्यक."

"तेच ते. म्हटलं, शिपाई तर शिपाई, कोंबडा डाक्टरपर्यंत न्हेऊन तर पोचवील." मग त्यानं विचारलं, "पर मंग याला बरा कोनी केला?"

"आईनं," आरोहीनं बोट दाखवलं.

पाचही टोपल्या एकदम वळल्या आणि झाडाखाली गेल्या. जाताना माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. मला आतापर्यंतच्या आयुष्यात इतक्या लवकर कुणी पदावरून काढलेलं नाही.

आम्ही पळालो. लखननं गेट ओढायला घेतलं होतं, त्यातून आम्ही आडवे होऊन आत शिरलो. गगनझेपेपाशी ड्यूटीवरच्या पोरानं आरोहीला पट्टीखाली उभं केलं. एकशे बावीस. तिनं मान अशी ताठ केली होती की एकशे पंचवीस भरली असती.

खुर्ची वर गेली. खाली झाड दिसत होतं, झाडाखाली माणसांचं कोंडाळं आणि मध्ये संध्याची पिवळी ओढणी. आरोहीनं माझा हात पकडला. "बाबा, तू खरं सांगितलंस ते भारी केलंस," ती म्हणाली. मला इतकं छान वाटलं, इतकं छान वाटलं की काय सांगू. साधारण अडीच सेकंद वाटलं. मग त्यांनी सोडलं.

मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. आरोहीला आठवतं, पण ती मोठ्यांसमोर सांगत नाही. खाली आल्यावर ती म्हणाली, "परत!" वर्षभराचं दूध प्यायलेली मुलगी, नाही कसं म्हणणार? आम्ही पुन्हा गेलो. मग पुन्हा गेलो. चौथ्या वेळेस रांगेतल्या एका काकांनी "तुम्ही बसा हो जरा" म्हणत मला बाजूला केलं आणि स्वतःच्या नातवासोबत आरोहीला वर नेलं.

दोन वाजता आरोहीनं मला हाताला धरून गेटबाहेर आणलं. पार्क गोल फिरत होतं, टपरी उलटी फिरत होती. झाडाखाली आता दहाबारा टोपल्या होत्या. टपरीवाल्यानं संध्यासाठी स्टुलाची सोय केली होती आणि तिच्या पुढ्यात ओव्याच्या पाण्याचं पातेलं होतं. मी जवळच्या दगडावर कसाबसा टेकलो.

चंदरनं जवळ येऊन मला जाणत्या नजरेनं वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. हनुवटीला हात लावून बघितलं. मग वळून हाक दिली, "बाई, यांनी बी मान टाकली हाय."

संध्यानं वर न बघता सांगितलं, "नंबरानं घ्या हो. आधी ती काळी कोंबडी."