साळवे बाईंची हजेरी

साळवे बाईंना कुणी नुसतं "चला, चहा घेऊ" म्हटलं तरी त्या विचारायच्या, "उद्दिष्ट काय?"

ही सवय जन्मजात नव्हती. मिरजगावच्या शाळेत आमचे वर्ग शेजारीशेजारी होते, आणि अठ्ठ्याण्णव सालापर्यंत बाई चारचौघांसारखा निमूट चहा प्यायच्या. मग निवृत्ती दिसू लागलेल्या वयात त्यांनी शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातलं. नोकरी सांभाळून घरबसल्या शिकायचं. पुस्तकं आणि व्याख्यानांच्या कॅसेटी पोस्टाने यायच्या, रविवारी नगरच्या केंद्रावर तास व्हायचे. पहिलं प्रकरण उद्दिष्टांवर होतं. बाईंनी ते अख्ख्या तालुक्याला लागू केलं.

लग्नात सत्काराची भाषणं लांबली की त्या शेजारणीला मोठ्याने विचारायच्या. एसटी मध्येच थांबली की कंडक्टरला विचारायच्या. केंद्रावर एकुलता एक कॉम्प्युटर होता. त्याच्या खोलीत जायचं तर चपला बाहेर. बाईंनी शिपायाला विचारलं, "चपला काढण्याचं उद्दिष्ट काय?"

"आत व्हायरस जातो, बाई."

बाईंना उत्तर पटलं. त्या नळावर जाऊन पायसुद्धा धुऊन आल्या.

आमचे मुख्याध्यापक म्हणायचे, "बाई, शाळेत दिवसा लाईट नसते. तुमचं तंत्रज्ञान चालणार कशावर?"

"सेलवर!" बाई म्हणायच्या. त्यांच्या टेपरेकॉर्डरचे सेल मधल्या सुट्टीत खिडकीत ऊन खात पडलेले असायचे.

शेवटच्या वर्षी प्रकल्प करायचा होता. बाकीच्या शिक्षकांनी रंगीत तक्ते केले. बाईंनी वर्गातली तोडीची मुलं निवडली. दिवाळी झाली की ही मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जायची, ती गुढीपाडव्याच्या सुमारास परतायची. तोवर पटावरून त्यांची नावं कमी झालेली असायची. बाईंनी धडे आणि पाढे कॅसेटीवर भरले आणि टोळीच्या मुकादमाला पारावर गाठलं. टेपरेकॉर्डर त्याच्याकडे होताच.

"बाई, आमी ऊस तोडाया जातो, शाळा काढाया न्हाई."

"शाळा मी काढलीय. तुम्ही फक्त बटण दाबायचं."

"आन् आमची गानी?"

"सकाळी तुमची गाणी, संध्याकाळी माझे धडे."

"लई अवघड बाई हाय ही," मुकादम मला म्हणाला. पण कॅसेटी तोवर त्याने सदऱ्याच्या खिशात घातल्या होत्या.

तोंडी परीक्षेला मी सोबत म्हणून नगरला गेलो होतो. दार उघडंच होतं. परीक्षकांनी बाईंच्या पांढऱ्या केसांकडे पाहत विचारलं, "या वयात हे सगळं करण्याचं उद्दिष्ट काय, बाई?"

"पटावरचं नाव टिकवणं," बाई ताडकन म्हणाल्या.

परीक्षकांना वाटलं, बाई स्वतःच्या नोकरीबद्दल बोलतायत. ते हसले. पास मात्र केलं.

दुसऱ्या दिवशी पेढा खाता खाता मी त्या कॅसेटींची बाईंकडची एक प्रत ऐकायला मागितली. धड्याआधी हजेरी होती. "सुनीता," बाईंचा आवाज आला. मग नुसती खरखर. "दत्तू." पुन्हा खरखर. मला वाटलं टेप अडकला, म्हणून मी बटणाकडे हात नेला.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "हजर म्हणायला वेळ नको का पोरांना?"

मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आई मला तोडीवर न्यायची. परत आले की पटावर नाव नसायचं. गुरुजी वाईट नव्हते हो. पण तिकडे उसाच्या फडात सगळे मला 'ए पोरी' म्हणायचे. महिनोन्‌महिने कुणी माझं नाव घ्यायचं नाही."

मी दुसरा पेढा उचलला.

पाडवा झाला, टोळी परत आली. उन्हाने रापलेली मुलं बाईंच्या वर्गात एका रांगेत बसली. त्यांची नावं यंदा पटावर तशीच होती. मी पलीकडच्या वर्गात गणित शिकवत होतो. भिंतीआडून बाईंचा आवाज आला, "सुनीता."

"हजर, बाई!"

बाईंनी पुढचं नाव घ्यायच्या आधीच दत्तू ओरडला, "हजर!" त्याच्यामागून तिसरी, मग चौथा. नाव न घेताच सगळी रांग, कॅसेटवरच्याच क्रमाने, एकही न चुकता.

मग बाईंनी पुन्हा पहिल्यापासून हजेरी सुरू केली. मी माझ्या मुलांना आणखी एक गणित घातलं आणि तिकडे गेलो नाही.