चार गुडघे आणि दोन चुंबकं

निघताना अंगणात जे काही होतं, त्याची मी नीट मोजदाद केली. डोंगरी सायकली दोन. टायर चार, सगळे टणक. पाण्याच्या बाटल्या तीन, जादा ट्यूब दोन, हवेचा पंप एक. माझ्या हँडलवर अंतर आणि वेग दाखवणारा मीटर एक, पुढच्या चाकाच्या स्पोकवर चुंबकं दोन. आणि गुडघे चार; पैकी तीन मूळचे, एक दुरुस्त केलेला.

चुकायला कुठे जागाच नव्हती!

दुरुस्त केलेला गुडघा आत्याचा. आत्या दातांची डॉक्टर. दिवसभर तोंड उघडं ठेवलेल्या माणसांशी बोलत असल्यामुळे समोरच्याने उत्तर द्यावं, ही अपेक्षा तिने केव्हाच सोडून दिली आहे. दर वर्षी ती आपल्या मंडळाबरोबर सायकलने डोंगर पालथे घालायला जाते. गेल्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे ती सफर चुकली आणि गावातल्या दाढांनी ते वर्षभर भोगलं. यंदाची सफर पुढच्याच आठवड्यात होती, आणि तिच्या जागेवर एक वकील टपून बसले होते.

अडसर फक्त फिजिओचा होता. आमच्याच गल्लीतला, गोड बोलून नकार देणारा माणूस.

"वीस किलोमीटर कच्च्या रस्त्याने चालवून दाखवा, डॉक्टर. सकाळी गुडघ्याचा घेर मोजू, उतरल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा मोजू. एक सेंटिमीटरने जरी सुजला, तर डोंगराचं नाव काढायचं नाही!"

"आणि नाही सुजला तर?"

"तर वकिलांना मी स्वतः कळवतो."

आता हा सगळा मामला मोजमापाचा. म्हणजे माझाच! मी पदार्थविज्ञानाची ताजी पदवीधर. घरात दूध उतू गेलं तरी किती मिलिलिटर गेलं ते सांगणारी. सफरीचं नेतृत्व मी आपण होऊन स्वीकारलं. पहिली सुधारणा सुचवली ती अशी, की एकच गुडघा मोजून काय कळणार? तुलनेला एक निरोगी गुडघा हवा! म्हणून फिजिओकडून मी माझाही मोजून घेतला. आत्याचा अडतीस सेंटिमीटर, माझा छत्तीस.

दुसरी सुधारणा चाकाची. मीटरबरोबर एक इवलंसं चुंबक येतं, ते स्पोकवर बसवायचं असतं. पण चुंबक एकाच बाजूला, म्हणजे चाक त्या बाजूला जड! चार ग्रॅमने का होईना, पण जड! माझ्या जिवाला ते लागून राहिलं. आदल्या संध्याकाळी जुन्या मीटरचं तस्संच चुंबक शोधून काढलं आणि बरोबर समोरच्या स्पोकवर बसवलं. चाक असं काही सुरेख फिरायला लागलं, की मी बाबांना बोलावून दाखवलं.

"छान," बाबा म्हणाले. "आधी कसं फिरत होतं?"

"असंच. पण आता शास्त्रशुद्ध फिरतंय!"

रस्ता सायकलच्या दुकानदाराकडून पाठ करून घेतला होता. सहा किलोमीटरवर डावीकडे वळून जंगलात शिरायचं. बाराला जंगल संपून मोकळा माळ लागतो. विसाव्या किलोमीटरला जुना किल्ला. बाबा फिजिओला गाडीत घालून परस्पर किल्ल्यावर येणार होते आणि तिथून आम्हाला सायकलींसकट घरी आणणार होते.

निघालो. आणि काय सांगू, आम्ही नुसत्या सुटलो होतो! मीटरवर पाहते तर वेग बत्तीस! छोट्या चढावरसुद्धा चोवीस!

"आत्या, बत्तीस!" मी मागे वळून ओरडले.

"कशावरून?"

"मीटरवरून!"

"मला तर एक म्हातारा धावत ओलांडून गेला आत्ता."

"तो उतारावर होता!"

"आपणही त्याच उतारावर आहोत!"

मी तिला समजावलं, की वर्षभराच्या विश्रांतीमुळे स्नायूंत ताकद साठून राहते. हे मी तेव्हाच्या तेव्हा शोधून काढलं होतं, पण इतक्या ठामपणे सांगितलं की माझाही विश्वास बसला. आत्याने पाठ ताठ केली. पुढच्या वळणावर ती गाणं म्हणायला लागली.

सहा किलोमीटर भरले, तर डावीकडे पायवाट हजर! झाडी सुरू झाली. झाडी जरा विरळ होती, पण जंगल म्हणायला हरकत नव्हती. बाराला मोकळी जागा हजर! माळ म्हणून जरा लहानच. एका टोकाला कुणी खोकलं तर दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल एवढा. पण अंतर बरोबर आलं होतं, आणि अंतर बरोबर आल्यावर माळाने किती मोठं असावं, हा माळाचा प्रश्न.

आणि मीटरवर वीस उमटले, तेव्हा समोर झाडांच्या आड भग्न भिंती उभ्या!

माझा ऊर भरून आला. छप्पर नाही, खिडक्यांना चौकटी नाहीत, भिंतीतून एक झाड थेट वर गेलेलं. पुढे कमानदार दरवाजा. मागे उंच गोल बुरूज.

"बघ आत्या, हा चुन्याचा थर! किमान चारशे वर्षांचा. आणि हे कोनाडे मशालींसाठी."

आत्याने हेल्मेट काढलं आणि दरवाजात दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहिली. गड तिनेच जिंकला होता. मी फोटो काढला. तिने तो लगेच मंडळाला पाठवला. खाली लिहिलं, 'वीस किलोमीटर. बत्तीसचा वेग. वकिलांनी माझ्या जागेची आशा सोडावी.' एवढ्यात बाबांचा फोन आला. आत्याने तो दोघींना ऐकू येईल असा हातात धरला.

"कुठे आहात?"

"किल्ल्यावर!" मी म्हणाले.

"अगं, मीही किल्ल्यावरच आहे! कुठल्या बाजूला?"

"मोठ्या दरवाजात!"

"मी दरवाजातच उभा आहे!"

"मग हात हलवा, बाबा!"

"हलवतोय! दिसला?"

"नाही! मी हलवतेय, बघा! दोन्ही हात हलवतेय!"

"मग फोन कशाने धरलायस?"

"आत्याने धरलाय!"

मागून फिजिओचा आवाज आला, "त्यांना म्हणावं, डॉक्टरांना आधी खाली बसवा."

"बुरूज दिसतो का तुला?" बाबांनी विचारलं.

"हा काय समोर!"

"किती आहेत?"

"एक. तुम्हाला?"

"सात."

"बाबा, पुन्हा मोजा."

"सात आहेत गं! फिजिओनेही मोजलेत!"

तेवढ्यात बुरुजामागून एक गृहस्थ हातात बादली घेऊन आले. त्यांच्या मागून तीन शेळ्या.

"कोण पाहिजे?"

"आम्ही किल्ला बघतोय, काका," मी म्हणाले.

"किल्ला?" त्यांनी मागे वळून पाहिलं. "हे माझं घर आहे."

"तुम्ही किल्ल्यात राहता?"

"राहत नाही. बांधत होतो. मधेच धाकट्या भावाशी बिनसलं. तो म्हणाला दार पूर्वेला, मी म्हणालो पश्चिमेला. चौतीस वर्षं झाली."

"पण हा चुना…"

"कबुतरं."

"आणि हे मशालींचे कोनाडे?"

"विजेच्या बटणांसाठी सोडले होते."

बुरुजाचं मी विचारणारच नव्हते. त्यांनी आपण होऊन सांगितलं, "ती पाण्याची टाकी."

फोन चालूच होता. पलीकडून बाबांचा खोकल्यासारखा आवाज येत होता. ते खोकत नव्हते, हे मला कळत होतं. आत्याने फोन बंद केला. लगेच मंडळाची उत्तरं यायला लागली. पहिलंच वकिलांचं होतं. 'अभिनंदन! किल्ल्यातून शेळी बाहेर बघते आहे.'

"किल्ला कुठे आहे हो?" आत्याने विचारलं.

"तो पलीकडे. जंगलातून अकरा किलोमीटर. तुम्ही फाटा येण्याआधीच वळलात. सहाला वळायचं तर तिसऱ्यालाच वळलात!"

सहाला वळायचं तर तिसऱ्याला. बरोब्बर निम्म्यावर! मी सायकलचं पुढचं चाक उचललं आणि हाताने हळूच एक फेरी दिली. चुंबक एकदा समोरून गेलं, की मीटर एक फेरी धरतो आणि कोपऱ्यातला ठिपका लुकलुकतो.

ठिपका दोनदा लुकलुकला.

"आत्या," मी म्हणाले. "मी मीटरला दोन चुंबकं लावली आहेत."

"मग?"

"एका फेरीला तो दोन मोजतोय. वेग दुप्पट दिसतो. अंतरही."

आत्या दातांची डॉक्टर असली तरी भागाकार तिला येतो. "म्हणजे बत्तीस नाही, सोळा."

"सोळा."

"आणि वीस नाही, दहा."

"दहा. पण सोळाही काही कमी नाही गं! या रस्त्याला सोळा म्हणजे…"

"गप्प बस."

मी तोंड मिटलं. तिच्या दवाखान्यात याच्या उलट चालतं.

"गाडी इथपर्यंत येते," गृहस्थ म्हणाले. "मागून पक्का रस्ता आहे. बोलवा की."

मीटरवर वीस दिसत होते. ठळक, स्वच्छ वीस. बाबा गाडी घेऊन येतील, फिजिओ मीटर बघेल, मान डोलावेल. गुडघाही आत्ता ठीक होता. आत्याच्याही डोक्यात हेच चाललं असणार, कारण ती बराच वेळ मीटरकडे बघत राहिली.

"फिजिओला काय कळणार आहे?" मी हळूच म्हणाले.

"त्याला नाही कळणार," आत्या म्हणाली. "डोंगराला कळेल." आणि तिने हेल्मेट चढवलं. "दाखवा हो जंगलाची वाट!"

आता खरं जंगल लागलं. वाटेवर मुळं अशी पसरलेली, की सायकल चालवतोय की शिडी, तेच कळेना. ओढ्यात चाकं अर्धी बुडाली. नंतर जो माळ आला, त्याच्यापुढे आमचा मघाचा माळ म्हणजे हातरुमाल! वाऱ्याने गवत एका दिशेला झुकलेलं, आणि पार टोकाला सात बुरूज. मी न सांगता मोजले. सातच होते.

मीटर मी रुमालाने झाकला होता. आत्या पुढे, मी मागे. नेतृत्व कधी बदललं ते दोघींनीही बोलून दाखवलं नाही. शेवटच्या उताराआधी ती पाणी प्यायला थांबली म्हणून मी पुढे गेले. म्हटलं, किल्ल्यात तरी नेत्याने आधी शिरावं! अर्ध्या उतारावर मागून गर्जना आली,

"डावीकडून येतेय!"

कुणाच्या डावीकडून? तिच्या की माझ्या? दिशा ठरवायची तर आधी निरीक्षक कोण ते ठरवावं लागतं. मी ते ठरवत असताना सायकल डावीकडे गेली, आत्या सर्रकन उजवीकडून गेली आणि मी झुडपातून पार होऊन एका दगडाशी थांबले. दगड मात्र अस्सल होता. किल्ल्याचाच.

वर दरवाजात बाबा खरोखरच हात हलवत होते. आत्या त्यांच्या पुढ्यात कचकन ब्रेक लावून उतरली. बाबांनी तिला कडकडून मिठी मारली. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्याला धूळ कारण नव्हती. मी सायकल ढकलत वर पोचले, रुमाल काढला. मीटरवर बेचाळीस. भागिले दोन, एकवीस. मी दोन्ही आकडे फिजिओला मोठ्याने सांगितले आणि चुंबकाचंही सांगून टाकलं.

"बसा," तो म्हणाला. "दोघीही."

आम्ही किल्ल्याच्या पायरीवर शेजारी शेजारी बसलो. अर्ध्या तासाने त्याने टेप काढली.

आत्याचा गुडघा, अडतीस सेंटिमीटर.

माझा, साडेअडतीस.