उपासाला चालणाऱ्या चेऱ्या

शनिवारचं जेवण म्हणजे ऋचाच्या डाव्या हातचा मळ! निदान घरात तिनं तसं जाहीर केलं होतं. वरच्या मजल्यावरच्या तेरेझाबाई येणार, त्यांच्या ओबिदुश गावची जिंजिन्या नावाची चेरीची दारू आणणार आणि जेवण संपेपर्यंत अभयकाका म्हणणार, "जा बाळ, पोर्तुगालला जा."

"जमेल ना गं?" आईनं विचारलं.

"कॅन लाह, आई," ऋचा अस्सल सिंगापुरी थाटात म्हणाली. जमेल म्हणजे काय, जमणारच!

तेरेझाबाईंच्या बहिणीनं ऋचाला जूनच्या सुट्टीत महिनाभर राहायला बोलावलं होतं. पण थोरल्या भावाच्या, म्हणजे काकांच्या होकाराशिवाय बाबा साधी चप्पल घेत नसत. आणि काका म्हणजे मंडळाच्या गणपतीत दरवर्षी व्यसनमुक्तीवर बोलणारे, चहासुद्धा सोडलेले गृहस्थ.

"दारूच्या गावाला पोरीला पाठवायचं?" चप्पल काढता काढताच त्यांनी सुरुवात केली.

"चेरीचं गाव म्हणा ना, काका. आंबट चेरी, साखर, दालचिनी. आपला मोरावळा मुरतो, तशी मुरते ती."

"मोरावळा खाऊन झिंगलेला माणूस मी अजून पाहिला नाही."

तेवढ्यात तेरेझाबाई आल्या आणि त्यांनी रुंद तोंडाची बाटली टेबलावर ठेवली. काय तो रंग! माणकं वितळवून भरावीत तसा, आणि तळाशी चेऱ्यांचा गोतावळा. ही प्यायची अंगठ्याएवढ्या चॉकलेटच्या कपातून, त्या म्हणाल्या. घोट घ्यायचा, मग कपही खाऊन टाकायचा. दुकानदार एकच विचारतो, 'त्यांच्यासकट की त्यांच्याशिवाय?' त्या म्हणजे चेऱ्या.

"त्यांच्याशिवाय मागणाऱ्याला माझी आई उंबरठा ओलांडू देत नसे," तेरेझाबाई म्हणाल्या.

ऋचानं चॉकलेटचे कप बाल्कनीतल्या टेबलावर छान मांडले होते. सिंगापूरच्या हवेत जिथं माणसाचा आकार टिकत नाही, तिथं कपांचा काय टिकणार? ते म्हशीसारखे फतकल मारून बसले. ती उरलेलं खोकं घेऊन फ्रीजरकडे धावली.

इकडे पाहुण्यांच्या दातांत बी येऊ नये म्हणून आईनं बाटलीतल्या सगळ्या चेऱ्या चमच्यानं वाटीत काढल्या आणि वाटी टेबलावर ठेवली. शेजारी काकांसाठी द्राक्षं होतीच. काकांचा शनिवार! सकाळपासून एका केळ्यावर होते ते.

"भावजी, फळं घेतलीत ना?" आईनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"घेतोय की. फारच सुरेख आहेत."

ऋचा गार कप घेऊन आली, तर द्राक्षं जागच्या जागी आणि वाटी रिकामी. काकांसमोर बियांची शिस्तीत रांग लागलेली.

"काका, चेऱ्या?"

"उपासाला फळ चालतं. दालचिनी जरा झणझणीत आहे, पण वा! अजून आहेत?"

तेरेझाबाईंनी बियांकडे पाहून छातीवर हात ठेवला. "एक थेंब न घेता नुसत्या त्याच? आमच्या गावातसुद्धा असा दर्दी नाही."

काका उठले. सवयीप्रमाणे त्यांनी व्यसनमुक्तीचं भाषण सुरू केलं, फक्त या वेळी बाबांच्या गळ्यात हात टाकून. मध्येच म्हणाले, "प्रबोध, हे फळ मंडळात प्रसादाला ठेवू या. माणसाचं मन कसं मोठं होतं बघ."

आईचा चेहरा पांढरा पडला. "अहो, सांगा त्यांना."

"होकार मिळू दे आधी," बाबा पुटपुटले.

ऋचानं संधी साधली. "काका, मग मी जाऊ ना?"

"जायचंच! जिथं असं फळ पिकतं, तिथली माणसं वाईट असतील कशी?"

ऋचा हवेत उडालीच.

"पण एकटी नाही," काका म्हणाले. "मी येतो सोबत. तिथं असेपर्यंत रोज उपास धरीन म्हणतो."

"बहिणीकडे खोल्या दोन आहेत," तेरेझाबाई आनंदानं म्हणाल्या.

ऋचानं मदतीच्या आशेनं बाबांकडे पाहिलं. ते फोनवर तिकिटं बघत होते.

"दादा, तुला खिडकीजवळची सीट चालेल ना?"