साखराबाईच्या वस्तीवर सहा टँकर

धारूरजवळच्या पाणीवाटप संस्थेत टँकरच्या खेपा ठरवणारा प्रोग्राम सुग्रीव गुरुजींनी निवृत्तीनंतर हौसेनं लिहिला होता. त्याचा सगळा कोड डेटाबेसमध्येच ठेवलेला. दर वस्तीला पाळीच्या नंबरानं एक नियम आणि त्याच्या डोक्यावर गुरुजींचं टिपण: चढ आहे, टँकर खाली उभा करावा, विहीर आटली, दोन खेपा. दुष्काळाच्या तिसऱ्या वर्षी नियमांपेक्षा टिपणंच जास्त झाली, तेव्हा गुरुजींनी साफसफाई काढली.

ऑपरेटर गीता त्यांचीच विद्यार्थिनी. ज्या आवाजात तिला कधीकाळी लसावि शिकवला, त्याच आवाजात गुरुजी सांगू लागले: रेग्युलर एक्सप्रेशन म्हणजे चाळणी. टिपण सुरू होताना तिरकी रेघ आणि चांदणी, संपताना चांदणी आणि तिरकी रेघ. या दोन खुणांमधलं सगळं काढ, एवढंच यंत्राला सांगायचं.

"जुनी प्रत ठेवू का, गुरुजी?"

"पसारा कशाला? पुसून टाक."

यंत्र आज्ञाधारक. त्यानं पहिल्या टिपणाची सुरुवात धरली, थेट शेवटच्या टिपणाचा शेवट धरला आणि मधल्या तेवीस वस्त्या नियमांसकट गिळल्या. उरली शेवटची. सकाळी सहाही ड्रायव्हरांच्या चिठ्ठीवर एकच नाव आलं: साखराबाईची वस्ती. कुणी शंका काढली, तर धुळाजी ड्रायव्हरनं समजावलं, की चिठ्ठी माणसानं लिहिली असती तर चुकली असती.

गुरुजी आणि गीता धावत पोचले, तेव्हा साखराबाईचा हौद काठोकाठ भरला होता आणि मागं पाच टँकर खोळंबले होते. तिकडं तेवीस वस्त्यांचे हंडे उन्हात. कुठं काय पाठवायचं, गुरुजींना आठवेना. लिहून ठेवलं की ते निर्धास्तपणे विसरत.

"घाम कावून पुसायलाव, मास्तर?" साखराबाई म्हणाली. "लिवा. दोन नंबर, केसरबाईची वस्ती. चढ हाय, खाली उभा करा. तीन नंबर, आश्रुबाचा मळा. तितं दोन खेपा."

पाढे म्हणावेत तशी ती न अडखळता म्हणत गेली. गुरुजींना शाळेतल्या लिंबाखालची दुपार आठवली. एकेक टँकर हलू लागला.

"मावशी, एवढं पाठ कसं?" गीतानं विचारलं.

"तीन साल झालं, दुसऱ्याचं पाणी दारावरून जाताना बघायलेय."

चोविसावर येऊन ती थांबली.

"आणि एक नंबर?" गीतानं विचारलं.

"त्यो आमचाच की. पयल्यापासून."

तिला चोविसावा नंबर कुणी दिला होता, हे तेवढं गुरुजींना नीट आठवत होतं. त्यांनी एकदा मोकळ्या रस्त्याकडं पाहिलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "लिही गीता."