सान रोकीतोचा हरवलेला कचरा

अनुदानाचं पत्र आलं त्या दिवशी देओलिंदाबाईंनी शिलाई मशीन थांबवून ते तीनदा वाचलं आणि सेफेरिना मास्तरीणबाईंना बोलावून चौथ्यांदा वाचून घेतलं. अर्थ तोच निघाला. राजधानी असुन्सिओनच्या संस्थेने सान रोकीतो वस्तीचा प्रस्ताव निवडला होता. शेड मिळणार होती, कागद-प्लास्टिकचे गठ्ठे बांधायचं यंत्र मिळणार होतं, खताचे चार हौद मिळणार होते. एकच पायरी उरली होती. येत्या शुक्रवारी संस्थेच्या मिर्ताबाई येऊन साठ घरांचा आठवडाभराचा कचरा मोजणार होत्या. आज किती निघतो ते कळलं, म्हणजे वर्षभराने किती कमी झाला तेही कळेल, असा साधा हिशेब. तोवर कुणी काही फेकायचं नाही, जाळायचं नाही. सगळं पोत्यात भरून दारात ठेवायचं.

देओलिंदाबाई स्वतः घरोघर फिरल्या. चाळीस वर्षं त्या वस्तीचे कपडे शिवत होत्या. प्रत्येकाच्या कमरेचं माप त्यांच्या वहीत होतं, त्यामुळे त्यांना उलट उत्तर द्यायची कुणाची छाती नव्हती. त्यांनी प्रत्येक दारात दोन गोष्टी सांगितल्या: असुन्सिओनहून एक बाई येणार आहेत, आणि कचरा साठवून ठेवा. सगळ्यांनी माना डोलावल्या. घोटाळा एवढाच झाला, की पहिली गोष्ट ऐकल्यावर दुसरी कुणाच्या डोक्यात शिरलीच नाही.

शुक्रवारी सकाळी मिर्ताबाई बसमधून उतरल्या. ताणकाटा खांद्याला अडकवलेला, हातात फॉर्मचं पॅड. देओलिंदाबाई त्यांना घेऊन वस्तीत शिरल्या आणि त्यांची छाती अभिमानाने फुगली. लाल मातीच्या गल्ल्या खराट्याने झाडून रेघा उमटवलेल्या. लिंबाच्या झाडांच्या बुंध्यांना ताजा चुना. कुंपणावर धुतलेल्या चादरी. एरवी उकिरड्यात लोळणारं डुक्करसुद्धा कुणीतरी आंघोळ घालून बांधून ठेवलं होतं.

पाचव्या घरापर्यंत त्यांची छाती फुगलेली राहिली. सहाव्या घरापाशी त्यांच्या लक्षात आलं, की पोती कुठेच नाहीत.

पहिल्या घरातून एक घडी घातलेली पिशवी मिळाली होती. आत अंड्यांची तीन टरफलं, तीही धुतलेली. दुसऱ्या घरातल्या बाईंनी आपल्या घरात कचरा होतच नाही असं सांगितलं होतं. तिसऱ्या घरी एक वाळलेलं पान होतं, पण ते वाऱ्याने आलंय, आमचं नाही, असा खुलासा मिळाला. साठ घरं संपली तेव्हा काट्यावर मिळून अकरा किलो भरले. प्रस्तावात नऊशे लिहिले होते.

मिर्ताबाईंनी पेन बंद केलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "एक तर तुमचा आकडा खोटा आहे, नाहीतर तुमची वस्ती आधीच सुधारलेली आहे. दोन्हींपैकी काहीही असलं तरी मला सही करता येणार नाही."

दुपारी त्यांना ओढ्यापलीकडच्या पासो ओंदो वस्तीत जायचं होतं. तिथल्या लोकांचाही अर्ज याच अनुदानासाठी निवडला गेला होता. तोवर सेफेरिनाबाईंनी मिर्ताबाईंना आंब्याखाली बसवून तेरेरेचा, म्हणजे नळीने प्यायच्या थंडगार पाल्याच्या काढ्याचा, पेला हातात दिला आणि समोर चिपाची, चीज घातलेल्या छोट्या पावांची, टोपली ठेवली. देओलिंदाबाई वस्तीकडे वळल्या.

त्यांना फार विचारावं लागलं नाही. पहिल्याच घरातली बाई रडवेली झाली. पाहुण्यांसमोर दारात घाण कशी ठेवायची, म्हणून तिने बुधवारी दुपारी सगळे झोपलेले असताना क्रिस्पुलो घोडागाडीवाल्याला गुपचूप बोलावलं होतं. पोतं उचलून न्यायला सांगितलं, वर एक कोंबडी दिली. दुसऱ्या घरानेही तेच केलं होतं. तिसऱ्यानेही. साठ घरांनी आपण एकटेच शहाणे आहोत असं समजून क्रिस्पुलोला साठ वेळा शपथ घातली होती, की कुणाला सांगू नकोस. आणि क्रिस्पुलोने साठही शपथा पाळल्या होत्या.

तो त्याच्या घोड्याला पाणी पाजत होता. अंगणात बऱ्याच नव्या कोंबड्या फिरत होत्या.

"क्रिस्पुलो, वस्तीचा कचरा कुठे टाकलास?"

"पासो ओंदोच्या पटांगणामागे," तो म्हणाला. "तुम्हीच म्हणालात ना, आपल्या वस्तीत काही दिसता कामा नये."

"मी असं म्हटलं नव्हतं."

"बाकी सगळे म्हणाले."

पासो ओंदोवाल्यांशी सान रोकीतोचं तीस वर्षं वाकडं होतं. फुटबॉलवरून होतं, जत्रेवरून होतं, ओढ्यावरच्या लाकडी पुलाला रंग कुणी द्यायचा यावरूनही होतं. त्यांच्या दारात जाऊन आमचा कचरा परत द्या म्हणायचं, आणि तेही असुन्सिओनच्या बाईंसमोर. गप्प बसलं तर अब्रू राहील आणि शेड जाईल. देओलिंदाबाईंनी मापाची टेप गळ्यातून काढून खिशात घातली आणि आंब्याखाली गेल्या.

"मिर्ताबाई," त्या म्हणाल्या, "आमच्याकडे कचरा आहे. भरपूर आहे, चांगला घाणेरडा आहे. आम्ही लाजेपायी लपवला. चला, दाखवते."

मिर्ताबाईंनी तेरेरेचा पेला खाली ठेवला आणि काटा उचलला. मागून अख्खी वस्ती निघाली.

पटांगणामागे टेकडीएवढा ढीग होता. ढिगासमोर पासो ओंदोचे आर्सेनिओ उभे होते. निवृत्त होडीचालक, मिशा अजून कडक. त्यांची वस्तीही लख्ख झाडलेली होती. त्यांनी मिर्ताबाईंना वाकून नमस्कार केला आणि आमच्या वस्तीचा आठवड्याचा कचरा हाच, असं सांगून टाकलं.

"हा आमचा आहे," देओलिंदाबाई म्हणाल्या.

"आमच्या जमिनीवर आहे म्हणजे आमचा."

"आर्सेनिओ, त्या ढिगात माझ्या कात्रणांचं पोतं आहे. निळं कापड, शाळेच्या गणवेशाचं. पासो ओंदोचा गणवेश निळा कधी झाला?"

त्यांनी पोतं ओढून काढलं. निळं कापड निघालं. मग सान रोकीतोच्या लोकांना स्फुरण चढलं. सकाळी ज्या बाईंच्या घरात कचरा होतच नव्हता, त्यांनी फुटका थर्मास वर धरून आपला असल्याचं सांगितलं. वाऱ्याच्या पानाचा खुलासा देणाऱ्याने बिअरच्या बाटल्यांचं पोतं ओळखलं आणि बायकोदेखत, मोजून, आपलं म्हणून कबूल केलं. माझं हे, तुझं ते करता करता ओळखायला सोपं जावं म्हणून बाटल्या एकीकडे गेल्या, डबे दुसरीकडे, कागद तिसरीकडे, साली वेगळ्या. तासाभरात ढिगाच्या जागी सात नीटनेटके ढीग उभे राहिले. मिर्ताबाईंनी एकेक तोलला. नऊशे चौदा किलो.

देओलिंदाबाईंच्या चेहऱ्यावर सकाळचा अभिमान परत आला, या वेळी पक्का. आर्सेनिओंची मिशी मात्र खाली आली होती. ते टोपी हातात घेऊन जमिनीकडे बघत होते. ते पाहून देओलिंदाबाईंना काय वाटलं कोण जाणे, त्या जवळ गेल्या.

"खरं सांगा. तुमचा कुठे आहे?"

"बाई येणार म्हणून पोरींनी सगळं झाडून काढलं," ते पुटपुटले. "कुणीतरी गाडीवाल्याला बोलावलं."

सगळ्यांच्या नजरा क्रिस्पुलोकडे वळल्या. तो घोड्याच्या मानेवरची माशी हाकलत होता.

"सान रोकीतोच्या जुन्या वीटभट्टीच्या खड्ड्यात आहे," तो म्हणाला. "मी इकडे भरून आणायचो. परत जाताना गाडी रिकामी कशाला न्यायची?"

मग आर्सेनिओ हसले, आणि देओलिंदाबाईंनाही हसू आवरेना. दोन्ही वस्त्या मिळून पूल ओलांडून वीटभट्टीवर गेल्या. या वेळी कुणाला शिकवावं लागलं नाही. बाटल्या एकीकडे, डबे दुसरीकडे. आर्सेनिओंच्या सुनेने आपली जुनी चप्पल ओळखली तेव्हा सान रोकीतोच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. तिथे आठशे साठ किलो भरले.

मिर्ताबाईंनी नऊ वर्षांत अनेक गावं मोजली होती. लोक कचरा लपवतात हे त्यांना ठाऊक होतं. तो आपलाच आहे म्हणून भांडणारे त्यांनी पहिल्यांदाच पाहिले, असं त्या बसची वाट बघताना म्हणाल्या. दोन्ही वस्त्यांना मिळून एकच अनुदान द्यावं, शेड ओढ्याकाठी बांधावी, अशी शिफारस त्यांनी तिथेच लिहून काढली. समितीच्या नावात आधी सान रोकीतो की आधी पासो ओंदो, यावर वाद सुरू झाला, पण तो बस येईपर्यंतच टिकला.

फॉर्मच्या शेवटच्या पानावर एक रकाना उरला होता: गावात सध्या असलेली कचरा वाहतुकीची व्यवस्था. मिर्ताबाईंनी बसच्या पायरीवर उभं राहून तो भरला.

"उत्तम. दोन्ही फेऱ्या भरून जातात."